मानसशास्त्राच्या वर्गात व्हिडिओ: सोलापुरातील नव्या अध्यापकांसाठी मार्गदर्शक

महाविद्यालयात मानसशास्त्राचे तास घ्यायला नुकतीच सुरुवात केलेल्या अध्यापकाला व्हिडिओ हे सर्वांत सोपे साधन वाटते, आणि फसगत तिथेच होते. प्रोजेक्टर सुरू झाला की वर्ग शांत होतो, मागच्या बाकावरची मंडळीही मान वर करतात, तास केव्हा संपला हे कळत नाही आणि सगळ्यांना काहीतरी शिकल्याचे समाधान मिळते. आठवड्याने त्याच भागावर प्रश्न विचारला, तर ‘तो माकडाच्या पिल्लाचा व्हिडिओ होता’ यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. पुढील मांडणी सोलापूर शहरातील व जिल्ह्यातील महाविद्यालयांत, विशेषतः तासिका तत्त्वावर, नव्याने रुजू झालेल्या अध्यापकांना समोर ठेवून केली आहे. तिच्यामागचा विचार एकच आहे: मानसशास्त्रात व्हिडिओला प्रात्यक्षिकाच्या सामग्रीचा दर्जा द्यावा. प्रात्यक्षिकात आधी समस्या, मग अपेक्षा, मग निरीक्षण, नोंद आणि चर्चा अशी वाट असते. व्हिडिओचा तासही त्याच वाटेने गेला पाहिजे.

आधी वर्तन ठरवावे, मग व्हिडिओ शोधावा

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची प्रत समोर घ्यावी आणि प्रत्येक घटकापुढे एकच प्रश्न लिहावा: यातले काय डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नीट कळणार नाही? या प्रश्नाने बरीचशी छाननी आपोआप होते. अर्भकाचे वर्तन, प्राण्यांवरील प्रयोग, अवधान आणि दृष्टिभ्रम, स्मृतीतील चुका, गटाचा दबाव हे विषय पाहण्याचे आहेत. एका भांड्यातील पाणी उंच व अरुंद भांड्यात ओतल्यावर ‘आता पाणी जास्त झाले’ असे ठामपणे सांगणारे चार-पाच वर्षांचे मूल एकदा पाहिले, की पियाजे यांची अक्षय्यतेची संकल्पना पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या ‘निश्चल चेहरा’ प्रयोगात हसती-बोलती आई एकाएकी चेहरा कोरा करते आणि बाळ तिला परत बोलते करण्यासाठी हसून, बोट दाखवून, हात पसरून आणि शेवटी रडून जी धडपड करते, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातील परिच्छेदात मावणार नाही.

उलट प्रमाण विचलन, विचारप्रवाहांचा इतिहास, व्याख्या आणि वर्गीकरणे यांना व्हिडिओची गरज नसते. मॅस्लो यांच्या गरजांच्या श्रेणीचा हलता, रंगीत पिरॅमिड पाहून विद्यार्थ्याला फळ्यावरच्या त्रिकोणापेक्षा अधिक काही मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि मॅस्लो यांच्या १९४३ च्या मूळ लेखात तो पिरॅमिड नव्हताच. एका सत्रात एका विषयासाठी पाच-सहा व्हिडिओ नेमके निवडले तर ते पुरेसे होतात.

शोधताना प्रथम ‘स्वयम्’ आणि ‘ई-पीजी पाठशाला’ या सार्वजनिक मंचांवरील साहित्य पाहावे. तेथील बहुतेक साहित्य म्हणजे चित्रित व्याख्याने आहेत, त्यामुळे वर्गात ती पूर्ण लावण्यात अर्थ नाही. वर्गात व्याख्यान द्यायला आपण स्वतः उभे आहोतच. ती आपल्या तयारीसाठी आणि गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी उपयोगी पडतात. वर्गासाठी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी, संशोधकांनी किंवा संग्रहालयांनी स्वतः प्रसिद्ध केलेले छोटे तुकडे अधिक कामाचे असतात. ‘मानसशास्त्रातील दहा थक्क करणारी तथ्ये’ या जातीचे व्हिडिओ शिकवण्यासाठी घेऊ नयेत. मात्र माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो किंवा आवडत्या रंगावरून स्वभाव ओळखता येतो असे सांगणारी एखादी रील वर्गात लावून ‘या विधानाला पुरावा कोणता हवा?’ एवढेच विचारले, तर संशोधन पद्धतीचा एक चांगला तास उभा राहतो. विद्यार्थी अशा रील रोज पाहतातच. त्या वर्गात तपासल्या गेलेल्या बऱ्या.

समोर आहे ते मूळ चित्रण, की नाट्यरूपांतर?

नवे अध्यापक सर्वांत जास्त घाई करतात ती या पायरीवर. जुन्या प्रयोगांच्या नावाने आंतरजालावर जे दिसते, त्यात तीन प्रकार मिसळलेले असतात: प्रयोगाच्या वेळी झालेले मूळ चित्रण, दूरचित्रवाणीसाठी पुढे केलेले पुनर्निर्माण आणि निव्वळ अभिनय. तिन्ही उपयोगी असू शकतात, पण कोणता प्रकार पडद्यावर आहे हे व्हिडिओ लावण्याआधी सांगितलेच पाहिजे. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लहान अल्बर्ट’ प्रयोगाचे, म्हणजे एका बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण करणाऱ्या प्रयोगाचे, मूळ चित्रण उपलब्ध आहे आणि ते मूक आहे. त्यात मुलाचा रडण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत असेल, तर तो नंतर कोणीतरी भरलेला आहे. बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर केलेला बाहुलीचा प्रयोग (प्रौढाला बाहुलीला मारताना पाहून मुले काय करतात हे पाहणारा) शिकवताना तर एक जादा गोष्ट हाताशी येते: १९६३ च्या पुढच्या अभ्यासात मुलांना प्रौढाचे आक्रमक वर्तन प्रत्यक्ष दाखवण्याबरोबरच चित्रपटातूनही दाखवले होते, आणि चित्रपट पाहिलेल्या मुलांनीही त्या वर्तनाचे अनुकरण केले. पडद्यावर पाहून शिकता येते, याचा तो एक जुना पुरावाच आहे.

मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाचे (प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून, उत्तर चुकवणाऱ्या ‘शिकणाऱ्या’ला वाढत्या तीव्रतेचे विजेचे झटके आपण देत आहोत असे सहभागींना वाटत असे) उदाहरण जरा विस्ताराने घेतो, कारण व्हिडिओची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही इथे एकत्र दिसतात. येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगमालेच्या पहिल्या प्रसिद्ध अहवालात ४० पुरुषांपैकी २६ जणांनी, म्हणजे ६५ टक्क्यांनी, खोट्या विद्युत-यंत्रावरील ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत मजल मारली. मूळ चित्रणातील एखादा माणूस घाम पुसतो, खुर्चीतून उठतो, ‘पलीकडच्याला काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ असे विचारतो आणि तरीही पुढचे बटण दाबतो. हे पाहिल्यावर विद्यार्थी तो एकच चेहरा लक्षात ठेवतात आणि ‘माणूस आज्ञा पाळतोच’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. ज्या १४ जणांनी थांबण्याचे धैर्य दाखवले, ते त्यांच्या हिशेबातच येत नाहीत. म्हणून तुकडा संपताच फळ्यावर आकडे लिहावेत: शिकणारा त्याच खोलीत बसलेला असताना शेवटपर्यंत जाणारे ४० टक्के, त्याचा हात स्वतः धरून झटक्याच्या पट्टीवर ठेवावा लागला तेव्हा ३० टक्के, आणि प्रयोगकर्ता सूचना दूरध्वनीवरून देत असताना सुमारे २० टक्के. व्हिडिओ एका माणसाचे वर्तन दाखवतो. परिस्थिती बदलली की ते किती बदलते, हे तक्त्यावरूनच समजते. विद्यार्थ्यांना या दोन्ही गोष्टी एकाच तासात मिळाल्या नाहीत, तर मला तो तास अपुरा वाटतो.

स्टॅनफर्ड येथील तुरुंगाच्या प्रयोगाबाबत, ज्यात तरुणांना बनावट तुरुंगात कैदी आणि पहारेकरी बनवले होते, याहून सावध राहावे. ऑगस्ट १९७१ मध्ये दोन आठवड्यांसाठी आखलेला आणि सहा दिवसांत बंद करावा लागलेला हा प्रयोग चित्रणामुळे फार परिणामकारक दिसतो, परंतु पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना मिळाल्या होत्या हे अभिलेखांच्या तपासणीतून पुढे आले असून त्याच्या निष्कर्षांवर गंभीर आक्षेप आहेत. तो आक्षेपांसह शिकवावा. त्यासाठी वेळ नसेल तर त्याचा व्हिडिओ लावू नये.

लांबी आणि भाषा

फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन शिक्षण मंचावरील ६९ लाख पाहणी-सत्रांचा अभ्यास केला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी त्यात टिकून राहण्याचा मध्यक काळ (सगळे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा) सहा मिनिटांच्या पुढे जात नसल्याचे दिसले. वर्गात अध्यापक समोर असतो, त्यामुळे ही मर्यादा जशीच्या तशी लागू करण्याचे कारण नाही. तरीही तीन ते सहा मिनिटांचा तुकडा हे माप सुरुवातीसाठी योग्य आहे. रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम अध्ययनावरील संशोधनाचा एक निष्कर्षही याच दिशेने जातो: माहिती सलग ओतण्याऐवजी तुकड्यांत, मध्ये थांबून दिली की ती अधिक चांगली समजते. त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा मिनिट-सेकंद कागदावर लिहून ठेवावा, आणि मधले थांबे कोठे घ्यायचे ते घरीच ठरवावे. वर्गात आयत्या वेळी तुकडा शोधत पट्टी मागे-पुढे सरकवणे विद्यार्थ्यांना फार करमणुकीचे वाटते, पण त्यात पाच मिनिटे जातात.

सोलापुरात भाषेचा विचार वेगळा करावाच लागतो. एकाच वर्गात घरी तेलुगू बोलणारी पूर्व भागातील मुले, अक्कलकोटकडून येणारी कन्नड बोलणारी, उर्दू माध्यमातून आलेली आणि मोहोळ-बार्शीकडची मराठी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. परीक्षा त्यांतील बहुतेक जण मराठीत देतात, आणि व्हिडिओतील निवेदन असते अमेरिकन उच्चारांच्या इंग्रजीत. अशा वेळी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आवाज बंद करून व्हिडिओ लावणे आणि निवेदन स्वतः मराठीत करणे. हार्लो यांच्या १९५८ च्या संशोधनातील माकडाचे पिल्लू दुधासाठी तारेच्या बनावट आईकडे वाकते आणि बिलगते मात्र कापडाच्या बनावट आईला. हे कळायला इंग्रजी निवेदनाची काहीच आवश्यकता नाही. मूळ आवाज महत्त्वाचा असेल, उदाहरणार्थ एखादी मुलाखत असेल, तर आधी त्यातील पाच-सहा पारिभाषिक शब्द मराठी प्रतिशब्दांसह फळ्यावर लिहावेत, इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत आणि प्रत्येक थांब्यावर एखाद्या विद्यार्थ्याला ‘आता काय म्हणाले ते आपल्या शब्दांत सांगा’ असे म्हणावे. आपोआप होणाऱ्या मराठी भाषांतरावर भिस्त ठेवू नये. पारिभाषिक संज्ञांची त्यात हमखास वाट लागते.

घरी पाहून येण्यासाठी व्हिडिओ देताना विद्यार्थ्यांच्या घरची स्थिती ध्यानात घ्यावी. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो संध्याकाळी वडील कामावरून परतल्यावरच मुलांच्या हाती लागतो. काही घरांत शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटात निवेदन ऐकूच येत नाही. काही विद्यार्थिनी आईबरोबर विड्या वळता वळता अभ्यास करतात. म्हणून घरी पाहण्याचा व्हिडिओ आवाजाशिवायही समजेल असा असावा, त्याची फाइल कमी आकाराची असावी, आणि तो न पाहता आलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी तासाआधी विभागात पाहता येईल अशी सोय ठेवावी.

खोलीची तयारी

ज्या खोलीत तास आहे, त्याच खोलीत, त्याच संगणकावर आणि त्याच स्पीकरवर एकदा पूर्ण चाचणी घ्यावी, आणि ती पाहताना शेवटच्या बाकावर बसावे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस यांच्या १९९९ च्या निवडक अवधानाच्या प्रयोगात चेंडूची देवाणघेवाण मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस दिसत नाही. मळकट पडदा, उघडी खिडकी आणि जुन्या दिव्याचा प्रोजेक्टर असेल, तर मागच्या तीन रांगांना तो अवधानाअभावी नव्हे तर अंधुक चित्रामुळे दिसणार नाही, आणि आपण मात्र त्याचा अर्थ अवधानाच्या मर्यादेत शोधत बसू. हा व्हिडिओ मोबाइलवर खूप फिरला असल्याने, तो आधी पाहिलेल्यांना चिठ्ठीवर तसे लिहायला सांगून त्यांची उत्तरे वेगळी ठेवावीत. हात वर करायला सांगितले तर कोणीतरी ‘गोरिला!’ असे ओरडतोच.

आवाजाचीही एक खाचखळगा असलेली बाब आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलेल्या परिणामात ओठ ‘गा’ म्हणताना दिसतात, ध्वनी ‘बा’चा असतो आणि ऐकणाऱ्या अनेकांना ‘दा’ ऐकू येते. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि त्यामुळे हा परिणाम फिका पडू शकतो. तारेने जोडलेला स्पीकरच वापरावा. पंख्यांचा आवाज तर उन्हाळ्यात टाळताच येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पडदे ओढून, खिडक्या बंद करून आणि पंखे थांबवून ऐंशी विद्यार्थ्यांना बसवणे सोलापुरात शक्य नाही, तेव्हा आवाजावर अवलंबून असलेले व्हिडिओ पहिल्या सत्रात किंवा सकाळच्या पहिल्या तासाला घ्यावेत.

वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडले तर काय करायचे, ते आधी ठरलेले असावे. यूट्यूबच्या ॲपमधील ऑफलाइन साठवणीची अधिकृत सोय वापरावी किंवा मुक्त परवान्याचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर ठेवावेत. थेट लावल्यास मध्येच येणारी जाहिरात आणि संपल्यावर आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, या दोहोंनी भल्याभल्यांची फजिती केली आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात होणाऱ्या वापराला मुभा दिली आहे. तिचा अर्थ दुसऱ्याचा व्हिडिओ आपल्या वाहिनीवर चढवावा असा होत नाही. सर्वांत भरवशाची पर्यायी सोय म्हणजे व्हिडिओतील चार स्थिरचित्रांची छापील पाने. तेवढ्यावरही अंदाज, निरीक्षण आणि चर्चा हा क्रम पूर्ण होतो.

एक पूर्ण तास: स्मृती आणि प्रश्नाची भाषा

वरील सगळे एकत्र कसे येते ते पाहण्यासाठी पहिल्या प्रयत्नाला मी नेहमी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग सुचवतो. त्याचे कारण असे की मूळ प्रयोगातच चित्रपटाचे तुकडे वापरले होते, म्हणजे इथे व्हिडिओ हा प्रयोगाविषयीची माहिती देत नाही, तो स्वतःच प्रयोगातील उद्दीपक आहे. ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचे सात तुकडे दाखवून मोटारींचा वेग विचारला होता. पाच गटांना विचारलेल्या प्रश्नांत फरक होता तो फक्त क्रियापदाचा. सर्वांत जोरकस क्रियापद वापरलेल्या गटाचा सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल, तर सर्वांत सौम्य क्रियापदाच्या गटाचा ३१.८ मैल आला. काही तुकड्यांतील खरा वेग ताशी २०, ३० आणि ४० मैल असा ठाऊक होता, पण अंदाजांवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही.

तुकडा निवडताना एक मिनिटाहून कमी लांबीचा, कोणालाही इजा न झालेला आणि काच न फुटलेला असा घ्यावा. व्हॉट्सॲपवर फिरणारी स्थानिक अपघातांची दृश्ये कटाक्षाने टाळावीत. पुणे महामार्गावर किंवा पंढरपूर रस्त्यावर जवळचे माणूस गमावलेला विद्यार्थी वर्गात असू शकतो, आणि ते आपल्याला माहीत असेलच असे नाही.

तासाआधी दोन प्रकारच्या चिठ्ठ्या तयार कराव्यात. एकीवर ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा त्यांचा वेग ताशी किती किलोमीटर असावा?’ असा प्रश्न, आणि दुसरीवर तोच प्रश्न ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ अशा शब्दांत. चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून वाटाव्यात. डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरी, अशी सोपी वाटणी करू नये. बहुतेक वर्गांत एका बाजूला मुली आणि दुसऱ्या बाजूला मुले बसतात, पुढच्या बाकांवर ठरावीक विद्यार्थी असतात, आणि मग फरक क्रियापदामुळे आला की बसण्याच्या जागेमुळे, हे सांगता येणार नाही. ही अडचण निकालानंतर विद्यार्थ्यांना विचारली तर यादृच्छिक वाटणीचा अर्थ त्यांना लगेच उमगतो.

४८ मिनिटांच्या तासाची आखणी साधारण अशी ठेवावी. पहिली पाच मिनिटे अपेक्षा लिहिण्यासाठी: ‘डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग आपण लगेच सांगितला, तर तो किती अचूक असेल?’ याचे प्रत्येकाने वहीत एका वाक्यात उत्तर द्यावे. मग तुकडा एकदाच, कोणतेही भाष्य न करता दाखवावा. चिठ्ठ्या शांतपणे भरून घ्याव्यात, शेजाऱ्याशी बोलणे नको. दोन विद्यार्थ्यांनी फळ्यावर आकडे उतरवावेत, तिसऱ्याने दोन्ही सरासऱ्या काढाव्यात. चिठ्ठ्यांवरील प्रश्न वेगवेगळे होते हे यानंतरच उघड करावे, आणि मग मूळ प्रयोगातील आकडे शेजारी लिहावेत. राहिलेला वेळ चर्चेचा: पोलिसांनी साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, वार्ताहराने मथळ्यात कोणते क्रियापद वापरावे, आणि पहिल्या पाच मिनिटांत लिहिलेले वाक्य आता कोणाला बदलावेसे वाटते.

निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही तर बिचकू नये. वर्ग लहान असतो, एखाद्याने गंमत म्हणून ताशी २०० किलोमीटर लिहिलेले असते आणि त्या एका आकड्याने सरासरी फिरते. मध्यक काढून पाहावा, टोकाच्या आकड्यांचे काय करायचे ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. जे आले ते फळ्यावर तसेच राहू द्यावे. निकाल पुस्तकाशी जुळवण्यासाठी आकड्यांना हात लावण्याची सवय प्रात्यक्षिकाच्या वहीत आधीच फार आहे, तिला इथे खतपाणी घालू नये.

आठवड्यानंतर, व्हिडिओ पुन्हा न दाखवता, एकच प्रश्न विचारावा: ‘त्या अपघातात फुटलेली काच दिसली होती का?’ मूळ अभ्यासाच्या दुसऱ्या भागात जोरकस क्रियापदाच्या ५० जणांपैकी १६ जणांनी, सौम्य क्रियापदाच्या ५० जणांपैकी ७ जणांनी, आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या ५० जणांपैकी ६ जणांनी ‘हो’ म्हटले होते. काच मात्र कोठेच फुटलेली नव्हती.

पाहिल्यानंतर आठवायला लावावे

आठवड्यानंतरच्या अशा प्रश्नाचा दुसराही लाभ आहे. रोएडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात एक उतारा पुन्हा वाचलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्याने त्यातील ४२ टक्के आठवले, तर पुन्हा वाचण्याऐवजी तो आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के. त्यामुळे ‘व्हिडिओ पुन्हा लावा’ ही मागणी आली की आधी एक कोरा कागद वाटावा आणि काय दिसले ते क्रमाने लिहायला सांगावे. नंतर हवा तर पुन्हा लावावा. लिहिताना निरीक्षण आणि अनुमान वेगळ्या रकान्यांत ठेवण्याचा आग्रह धरावा. ‘बाळाने हात वर केले’ हे निरीक्षण आहे, ‘बाळ घाबरले’ हे अनुमान आहे. सुरुवातीला निम्मा वर्ग दुसऱ्या रकान्यातील मजकूर पहिल्यात लिहितो, आणि हे वेगळे करता येणे हीच व्हिडिओवर घालवलेल्या सगळ्या वेळाची खरी कमाई आहे.

जपून हाताळण्याचे विषय

मनोविकार, आत्महत्या, लैंगिक अत्याचार किंवा व्यसन यांवरील व्हिडिओ असेल, तर आदल्या तासालाच तसे सांगावे, ज्याला पाहायचा नसेल त्याला कारण न विचारता बाहेर बसण्याची मुभा द्यावी आणि त्याला तेवढ्याच गुणांचे लेखी काम द्यावे. चित्रपटातील पात्राला वर्गात निदान चिकटवण्याचा उद्योग करू नये. लेखक-दिग्दर्शकांनी कथेच्या गरजेप्रमाणे लक्षणे एकत्र केलेली असतात, आणि विद्यार्थी तीच मोजपट्टी घरच्या माणसांना लावू लागतात. खऱ्या रुग्णांची दृश्ये घ्यायची झाल्यास संमतीने, अध्यापनासाठी तयार केलेलीच घ्यावीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही, हेही सांगावे. तासाच्या शेवटी ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहावा आणि पुढच्या तासापर्यंत पुसू नये. बोलायला आलेल्या विद्यार्थ्याचे ऐकून घ्यावे, त्याला समुपदेशकापर्यंत पोहोचवावे. उपचार करू पाहू नये.

विद्यार्थ्यांनी स्वतः व्हिडिओ करणे

दुसऱ्या सत्रात हे अवश्य करून पाहावे. मॅकगर्क परिणामाचा व्हिडिओ दोन विद्यार्थी एका मोबाइलवर तासाभरात तयार करू शकतात: एकीचा ‘गा’ म्हणतानाचा चेहरा, तिच्याच आवाजातील ‘बा’, आणि संपादन करणाऱ्या कोणत्याही साध्या ॲपमध्ये दोहोंची जुळणी. परिणाम प्रत्येकाला सारखा जाणवत नाही, म्हणून वीसएक जणांना दाखवून त्यांची उत्तरे नोंदवावीत. घरी तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणाऱ्यांची उत्तरे वेगवेगळी येतात का, हा प्रश्न सोलापूरच्या विद्यार्थ्याला सहज तपासता येतो.

सार्वजनिक ठिकाणच्या वर्तनाचे निरीक्षण करायचे असेल, तर जानेवारीतील गड्ड्याच्या यात्रेत किंवा एसटी स्थानकावर मोबाइल उगारून लोकांचे चेहरे टिपत फिरायला पाठवू नये. रांग कशी वळते, लोक किती अंतर राखून उभे राहतात, हे कागदावर खुणा करूनही नोंदवता येते. चित्रण करायचेच असेल तर वर्गमित्रांचे, लेखी संमती घेऊन करावे. आणि ते समाजमाध्यमांवर टाकायचे नाही, ही अट प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहावी. गुण देताना संपादनाची सफाई, संगीत आणि शीर्षके यांना काहीही किंमत देऊ नये, अन्यथा ज्याच्याकडे महागडा मोबाइल आहे तोच वरचढ ठरतो. प्रश्न नेमका आहे का, परिवर्तक (प्रयोगात बदलणारे घटक) ओळखले आहेत का आणि निष्कर्ष नोंदींच्या पलीकडे गेला आहे का, एवढेच पाहावे.

या सगळ्याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. प्रत्येक व्हिडिओसाठी एक पान: दुवा, सुरुवातीची व शेवटची वेळ, प्रकार (मूळ, पुनर्निर्माण की अभिनय), विचारलेला प्रश्न, वर्गाचा निकाल, आणि बिघडले ते का बिघडले. दुवे नाहीसे होतात, म्हणून व्हिडिओचे पूर्ण शीर्षक आणि प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेचे नावही लिहावे. शेजारच्या महाविद्यालयातील सहकाऱ्याने तोच प्रयोग तशाच चिठ्ठ्यांनी केला असेल, तर दोन्ही वर्गांचे आकडे एकत्र करून पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राच्या सरावासाठी द्यावेत.